सामाईक मेमरी : मर्यादा कशाची, किती?

शाळेत प्रत्येक शिक्षकाची टाचणवही वेगळी असते. वेळापत्रक मात्र फलकावर एकच लावलेले असते. त्यात केलेला बदल सर्वांना दिसतो. डेटाबेस सर्व्हरमध्येही अशीच सोय लागते. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम एका प्रोसेसची मेमरी दुसरीला पाहू देत नाही. मग एकीने डिस्कवरून वाचलेली माहिती दुसरीला कशी मिळावी? त्यासाठी मेमरीचा एक तुकडा सर्वांच्या नावे मागून घेतात. हीच सामाईक मेमरी.

हा तुकडा हवा तेवढा मोठा का घेऊ देत नाहीत? युनिक्सच्या ‘सिस्टीम फाइव्ह’ पद्धतीने घेतलेला तुकडा प्रोसेस बंद पडली तरी आपोआप मोकळा होत नाही. सदोष प्रोग्रॅमने असे तुकडे अडवून ठेवले, तर इतरांची अडचण होईल. मर्यादा असल्यास हे नुकसान आटोक्यात राहते.

लिनक्समध्ये अशा दोन मर्यादा महत्त्वाच्या आहेत. ‘शममॅक्स’ ही एका तुकड्याची मर्यादा बाइटमध्ये मोजतात. ‘शमऑल’ ही सर्व तुकड्यांची एकत्र मर्यादा, पण ती पानांत मोजतात. नेहमीच्या पीसीवर एक पान ४०९६ बाइटचे, म्हणजे २ चा १२ वा घात. आता २ जीबी म्हणजे २ चा ३१ वा घात, अर्थात २,१४,७४,८३,६४८ बाइट. घातांक वजा केले की २ चा १९ वा घात, म्हणजे ५,२४,२८८ पाने मिळतात. हा पानांचा आकडा चुकून शममॅक्सला दिला, तर २ जीबीऐवजी जेमतेम अर्धा एमबी मिळेल आणि सर्व्हर सुरूच होणार नाही!

अशा वेळी येणारे संदेशही चकवतात. शममॅक्स ओलांडले तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असा संदेश येतो. शमऑल ओलांडले तर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा येतो. तो वाचून डिस्कवरील फायली पुसायला धावू नये. डिस्क भरलेली नसते, मर्यादा भरलेली असते.

लिनक्समध्ये शममॅक्स पूर्वी मुळात ३२ एमबी असे. २०१४ च्या ३.१६ या कर्नलपासून ते इतके वाढवले, की व्यवहारात अडथळा उरला नाही. त्याआधीच, २०१३ मध्ये, पोस्टग्रेएसक्यूएलची ९.३ ही आवृत्ती मोठा तुकडा वेगळ्या पद्धतीने घेऊ लागली. जुन्या पद्धतीचा एक छोटा तुकडा मात्र तिने राखला. त्याला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत हे ऑपरेटिंग सिस्टीमला विचारता येते. त्यामुळे एकाच माहितीवर दोन सर्व्हर सुरू होऊन ती बिघडण्याचा धोका टळतो.

मर्यादा वाढवली म्हणून मेमरी वाढत नाही. केवळ डेटाबेससाठी असलेल्या संगणकावर सुरुवातीला एकूण मेमरीचा चौथा हिस्सा सामाईक साठ्याला द्यावा, म्हणजे ८ जीबीपैकी २ जीबी.