आरसा असावा की नसावा?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. त्याच्या वडिलांचा बेळगावात फोटोचा स्टुडिओ होता. वडील गेले, स्टुडिओ बंद पडला. मागे उरल्या त्या कपाटातील तीन निकॉन लेन्स आणि फिल्मचा एक कॅमेरा. तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू होण्यापूर्वी वडिलांचा धंदा पुन्हा उभा करावा, असे मुलाच्या मनात आहे. पतपेढीकडून कर्ज मिळण्याजोगे आहे. अडले आहे ते एकाच प्रश्नावर. तो म्हणाला, "सर, डीएसएलआर घेऊ की मिररलेस? दुकानदार म्हणतो, आरशाचा जमाना संपला. बाबांचे एक स्नेही म्हणतात, आरशावाचून कॅमेरा म्हणजे खेळणे. दोघांपैकी कोणाचे ऐकू?"

मी छायाचित्रकार नव्हे, मास्तर आहे. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, सहलींचे आणि चर्चमधील समारंभांचे फोटो काढण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडेच आले आहे. दोन्ही जातींचे कॅमेरे मी हाताळले आहेत. त्याला जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने आपल्यापुढे मांडतो. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

प्रथम 'फुल फ्रेम' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे असे. ती फिल्म आडवी धरून चित्र दुप्पट करावे, ही ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराची कल्पना. तिच्यातून १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३६ बाय २४ मिलिमीटर हे माप जगभर रूढ झाले. फिल्म गेली, तिच्या जागी प्रकाश टिपणारी विद्युत चकती, म्हणजे सेन्सर, आली. पण माप राहिले. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर या पूर्ण मापाचा, तो फुल फ्रेम. अशा मापाचे पहिले डीएसएलआर २००२ साली विक्रीस आले.

आता आरशाचे काम काय, ते पाहू. लेन्समधून आलेला प्रकाश सेन्सरवर पडावयाचा असतो. परंतु त्याच लेन्समधून छायाचित्रकारालाही पाहावयाचे असते. एकाच वाटेवर दोन प्रवासी. म्हणून वाटेत ४५ अंशांच्या कोनात एक आरसा तिरपा उभा केलेला असतो. तो प्रकाशाला वर वळवतो, वरचा लोलक उलटे चित्र सुलटे करतो आणि ते डोळ्यापाशी पोहोचते. बटण दाबताच आरसा वर उडतो, मागचा पडदा उघडतो, सेन्सरला प्रकाश मिळतो, पडदा मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. फोटो काढताना जो 'खट्याक' आवाज ऐकू येतो तो बहुतांशी या धावपळीचा. पूर्वी एकदा वर गेलेला आरसा वरच राहत असे आणि पुढची फिल्म ओढेपर्यंत छायाचित्रकाराला अंधार दिसे. आपोआप खाली येणारा आरसा जपानच्या असाही कंपनीने १९५४ साली आणला. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्यानंतर तर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार या जातीकडे वळले ते वळलेच.

आरशाच्या पोटात आणखी एक गंमत दडलेली आहे आणि सगळ्या वादाचे मूळ मला तेथेच दिसते. हा आरसा मध्यभागी अर्धपारदर्शक असतो. त्याच्या मागे दुसरा, लहानसा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या एका यंत्राकडे पाठवतो. फोकस बरोबर लागला की नाही, हे ते यंत्र ठरवते. म्हणजे फोकस मोजला जातो एका ठिकाणी आणि चित्र उमटते दुसऱ्या ठिकाणी. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. तीत केसभर फरक पडला, की यंत्र म्हणते फोकस लागला आणि फोटोत नवरीच्या डोळ्यांऐवजी कानातील कुडी स्पष्ट येते! अनेक चांगल्या डीएसएलआरमध्ये प्रत्येक लेन्ससाठी हा फरक दुरुस्त करण्याची सोय असते, पण ती दुरुस्ती बसून, चिकाटीने करावी लागते.

मिररलेस कॅमेऱ्याने हा सगळा संसारच मोडून टाकला. आरसा नाही, लोलक नाही, तळचे यंत्र नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो, फोकसही सेन्सरच मोजतो आणि सेन्सरला जे दिसते ते एका चिमुकल्या पडद्यावर उमटून आपल्या डोळ्यांपुढे येते. जेथे मोजमाप तेथेच चित्र, त्यामुळे वरील चुकीला जागा राहत नाही. सोनी कंपनीने २०१३ साली ए-७ हा फुल फ्रेम मिररलेस आणला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोन्ही मातबर कंपन्या त्याच वाटेने गेल्या. त्यानंतर नवे संशोधन बव्हंशी याच बाजूला झाले. निकॉनने २०२० साली डी-६ काढला, त्यानंतर त्या कंपनीचा नवा डीएसएलआर आलेला नाही. आरशाची बाजू सोडायला तयार नसलेली एक पेंटॅक्स तेवढी आहे.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून मी एकाच घरातील दोन भावंडे घेतली. निकॉनचा डी-७८० हा आरशाचा आणि झेड-६ ची दुसरी आवृत्ती ही बिनआरशाची. दोन्ही २०२० सालचे. दोघांचेही सेन्सर साधारण २४५ लाख बिंदूंचे आणि जवळजवळ एकाच घडणीचे. त्यामुळे पहिली गोष्ट निःशंकपणे सांगतो. तीच लेन्स, तोच प्रकाश आणि अचूक फोकस असेल, तर या दोघांनी काढलेले फोटो शेजारी ठेवून कोणता कोणाचा हे ओळखता येणार नाही. मिररलेसने फोटो 'अधिक चांगला' येतो असे जे दुकानात ऐकवले जाते, ते या अर्थाने खरे नव्हे. फरक आहे तो फोटो हाती लागण्याच्या शक्यतेत.

लग्नातील अंतरपाटाचा क्षण घ्या. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. डी-७८० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ५१ बिंदू आहेत, पण ते चौकटीच्या मध्यभागी दाटीवाटीने बसलेले. चेहरा कडेला असेल तर आधी मध्यावर फोकस धरून मग कॅमेरा सरकवावा लागतो. मुरलेला हात हे सहज करतो, नवशिक्याचा एखादा क्षण निसटतो. झेड-६ मध्ये २७३ बिंदू असून ते चौकटीचा सुमारे ९० टक्के भाग व्यापतात, आणि कॅमेरा स्वतः माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवतो. शिवाय त्याचा सेन्सर हाताच्या कंपाच्या उलट दिशेने हलून कंप सावरतो. डी-७८० मध्ये ही सोय नाही. मंगल कार्यालयाच्या अपुऱ्या उजेडात हा मोठाच आधार होय.

मिररलेसचा दुसरा गुण मला शिक्षक म्हणून मोलाचा वाटतो. फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच डोळ्यापुढे दिसते. माझ्या मुलांना छिद्र आणि वेळ यांचा संबंध फळ्यावर समजावून देताना माझी दमछाक होत असे. चिमुकल्या पडद्यावर तो त्यांना पाच मिनिटांत उमगला.

असे असूनही एक कबुली देतो. आरशातून दिसणारे दृश्य मला अजून अधिक भावते. तेथे प्रत्यक्ष वस्तूचा प्रकाश डोळ्यात येतो, येथे वस्तूचे चित्र दिसते. हे चित्र किंचित उशिरा पोहोचते आणि अंधारात दाणेदार होते. उडणारा खंड्या टिपू पाहणाऱ्याला हा उशीर जाणवतो. मात्र नव्या, महाग मिररलेसमध्ये तो पुष्कळच कमी झाला आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता आवाजाविषयी. मिस्सेत धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरतात तेव्हा साऱ्या चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असते. त्या क्षणी आरशाचा खट्याक म्हणजे अपराधच. मिररलेसमध्ये पडदाही न हलवता, अगदी निःशब्द फोटो काढता येतो. मी आनंदाने तसे काढले आणि घरी येऊन पाहतो तो वेदीवर आडवे काळे पट्टे! निःशब्द पद्धतीत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. त्या अवधीत एलईडी दिवे अनेकदा मंद-तेज होतात आणि त्यांचे पट्टे चित्रात उतरतात. तेव्हापासून मी समारंभाआधी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन दोन फोटो काढून पाहतो. डी-७८० चाही आरसा वर धरून मागच्या पडद्यावर पाहत काम केले, तर तो जवळजवळ मिररलेसच होतो. निःशब्दही होतो आणि डोळाही ओळखतो. फक्त कॅमेरा डोळ्याला लावता येत नाही.

वजनाचा मोठा गाजावाजा होतो. बॅटरी आणि कार्ड धरून डी-७८० भरतो ८४० ग्रॅम आणि झेड-६ ची दुसरी आवृत्ती ७०५ ग्रॅम. फरक १३५ ग्रॅमचा. बॅटरीचा हिशेब मात्र उलट्या बाजूने जातो, कारण मिररलेसचा सेन्सर आणि पडदा सतत जागे असतात. ठरावीक मापनपद्धतीने डी-७८० एका बॅटरीवर २,२६० फोटो काढतो. झेड-६ पडद्यावर पाहून ४१० आणि व्ह्यूफाइंडरमधून ३४०. प्रत्यक्षात दोघेही याहून अधिक काढतात, पण प्रमाण तेच राहते. हळदीपासून वरातीपर्यंत उभे राहणाऱ्याने मिररलेसबरोबर तीन-चार बॅटऱ्यांचा खर्च धरूनच चालावे.

इतके सांगून मी विद्यार्थ्याला विचारले, "बाबांच्या लेन्स कोणत्या?" त्याने यादी दिली: ५० मिलिमीटर, ३५-७० आणि ८०-२००, तिन्ही निकॉनच्या जुन्या 'डी' जातीच्या. येथे प्रश्नाचे स्वरूपच बदलले.

आरसा हलायला जागा लागते. म्हणून निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असते. आरसा गेल्यावर ते १६ मिलिमीटरवर आले. मधले साडेतीस मिलिमीटर भरून काढणारे एक कडे, म्हणजे अडॅप्टर, लावले की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर कधीच बसणार नाही, कारण ती आत ढकलायला जागाच नसते. आता गोम अशी की या 'डी' लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्यात असते आणि एका लहानशा दांड्याने लेन्सला फिरवते. डी-७८० मध्ये ही मोटर आहे. झेड-६ मध्ये नाही आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. म्हणजे वडिलांच्या तिन्ही लेन्स मिररलेसवर लागतील, चित्रही सुरेख देतील, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. अंतरपाटाच्या क्षणी ते कसे जमावे? आणि त्या अडॅप्टरचे वजन किती, म्हणाल? पहिल्या आवृत्तीचे १३५ ग्रॅम! जेवढे वाचले तेवढेच परत आले.

लेन्समध्येच मोटर असलेल्या, पुढच्या पिढीच्या 'एएफ-एस' लेन्स त्याच्याकडे असत्या, तर हा अडथळा आला नसता. त्या अडॅप्टरवर आपोआप फोकस धरतात. हाती एकही लेन्स नसती, तर मी त्याला डोळे झाकून मिररलेस घे म्हटले असते. नव्या लेन्स तिकडेच येत आहेत, आणि पाच वर्षांनी दुरुस्तीचे भाग मिळण्याचा संभवही तिकडेच अधिक. पण नव्या लेन्ससह मिररलेस म्हणजे पतपेढीचे पूर्ण कर्ज. आणि व्याजाचा हप्ता पावसाळ्यात, जेव्हा लग्ने नसतात, तेव्हाही भरावा लागतो. वापरलेला पण चांगल्या स्थितीतील डी-७८० घेतला, तर वडिलांच्या लेन्स पहिल्या दिवसापासून कामाला लागतात आणि कर्जाचा मोठा भाग टळतो. दोन हंगाम त्यावर काढावेत, मिळकतीतून मिररलेसकडे वळावे, असा सल्ला मी दिला. तो त्याला पटला असे दिसले.

मग त्याने पिशवीतून ८०-२०० लेन्स काढून माझ्या हाती दिली. सव्वा किलोच्या वरचा तो ऐवज मी खिडकीशी नेला आणि मागून विजेरीचा झोत टाकला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. बुरशी! बेळगावचा पाऊस आणि वर्षानुवर्षे बंद कपाट. दुसरे काय होणार? अशी बुरशी काचेवरचा लेप खाते. लवकर साफ केली तर डाग राहत नाही, उशीर झाला तर चित्र कायमचे धुरकट होते. मी त्याला म्हटले, कॅमेऱ्याची चौकशी आठवडाभर थांबव, तिन्ही लेन्स एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याला उघडून दाखव. ८०-२०० वाचली तर डी-७८०. न वाचली तर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच ये.