कंगव्यातली वीज आणि ढगातली वीज

वीज फक्त खांबावरच्या तारेत असते असे पुष्कळांना वाटते. पण ती आपल्या कंगव्यातही तयार होते. मी हा प्रयोग केला आहे, तुम्हीही करून पाहा.

तेल न लावलेल्या कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा भरभर फिरवा. मग तो कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात.

असे का होते? प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. अणूत धन भार व ऋण भार सारखेच असतात, म्हणून एरवी काही कळून येत नाही. घासल्यावर केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो. म्हणून कंगवा ऋण होतो आणि केस धन. सारखे भार एकमेकांना ढकलतात, वेगळे भार ओढतात.

गंमत म्हणजे कंगवा टेकायच्या आधीच कपटा उडतो! भाराच्या भोवती जिथवर त्याचा जोर पोचतो, त्या जागेला विद्युतक्षेत्र म्हणतात. जवळ जोर जास्त, लांब कमी. पावसाळ्यात हा प्रयोग नीट होत नाही, कारण दमट हवेत भार टिकत नाही.

ढगातही असेच घडते. बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आपटून भार वेगळे होतात. बहुधा वर धन आणि खाली ऋण भार साठतो. फार साठला की हवा त्याला अडवू शकत नाही. मग मोठी ठिणगी पडते, तीच वीज. आकाशातली वीज हीसुद्धा असलीच वीज आहे, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५० च्या सुमारास सांगितले. विजेच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते व एकदम फुगते, म्हणून गडगडाट होतो. चमकल्यावर तीन सेकंदांनी आवाज आला, तर वीज एक किलोमीटरवर आहे असे समजावे.

उंच वस्तूवर वीज पडण्याचा संभव अधिक असतो. आमचे आण्णा म्हणतात, “वळवाच्या पावसात आंब्याखाली थांबलं की भिजत नाही.” पण भिजलेले बरे! झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे. जवळ घर नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे झोपू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात भार राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

पालकांनी हे घरी व शेतावर सर्वांना सांगावे, ही विनंती.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी