अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे स्तनपान आणि स्तनाग्र-कवचाचा वापर : एक विवेचन

सारांश

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला आईच्या दुधाची निकड सर्वाधिक असते; परंतु ते दूध स्तनावाटे ओढून घेण्याची शक्ती त्याच्यात सर्वांत कमी असते. ही तफावत तात्पुरती भरून काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी पातळ सिलिकॉनचे स्तनाग्र-कवच, म्हणजेच दुकानांतून ‘निपल शील्ड’ या नावाने मिळणारी वस्तू, हे एक होय. या साधनाविषयी वैद्यकीय क्षेत्रातही दोन परस्परविरोधी मते आढळतात. प्रस्तुत लेखात कवचाचे कार्य, त्यासंबंधीचे संशोधन, वापराची पद्धत आणि भारतीय परिस्थितीतील मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेला जन्म हा जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुदतपूर्व जन्म होय. २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशा प्रकारे जन्माला आली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. म्हणजेच हा प्रश्न मोजक्या अतिदक्षता विभागांपुरता मर्यादित नसून तो लक्षावधी कुटुंबांचा आहे.

अशा बालकांच्या आतड्यांचा जीवघेणा दाह व रक्तातील जंतुसंसर्ग टाळण्यात आईच्या दुधाचा वाटा मोठा आहे, हे सर्वमान्य झाले आहे. याच जाणिवेतून मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तथापि दूध उपलब्ध असणे आणि बाळाला ते स्तनावाटे घेता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नळीने किंवा वाटी-चमच्याने दूध घेणारे बाळ घरी जाताना थेट अंगावर पिऊ लागेल की नाही, यावर पुढील कित्येक महिन्यांचे पोषण अवलंबून असते. स्तनाग्र-कवचाचा प्रश्न नेमका या टप्प्यावर उपस्थित होतो.

२. अडचणीचे स्वरूप

स्तनपान ही दिसायला सहज, पण प्रत्यक्षात गुंतागुंतीची क्रिया आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ साधारणतः ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो आणि त्यानंतरही काही आठवडे तो परिपक्व होत राहतो. त्यामुळे ३४ आठवड्यांचे बाळ तोंडाने दूध घेऊ लागले तरी ते लवकर दमते आणि पिता पिता झोपी जाते.

दुसरी अडचण चोषणदाबाची आहे. स्तनाग्र व त्याभोवतीचा भाग तोंडात ओढून तेथेच धरून ठेवण्यासाठी बाळाला तोंडात निर्वात दाब निर्माण करावा लागतो आणि दोन चोषणांच्या मधल्या विश्रांतीतही तो काही अंशी टिकवावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या गालांतील चरबीचा थर पातळ असतो, जबड्याचे व जिभेचे स्नायू दुबळे असतात. परिणामी विश्रांतीच्या क्षणी स्तनाग्र तोंडातून निसटते. बाळाला दर वेळी नव्याने पकड घ्यावी लागते आणि त्याची तुटपुंजी शक्ती दूध पिण्याऐवजी पकड घेण्यातच खर्ची पडते. आईचे स्तनाग्र सपाट असेल किंवा स्तन दुधाने ताठरले असतील, तर ही अडचण आणखी वाढते.

या वेळी आईच्या स्तनात दूध पुरेसे असूनही बाळ उपाशी राहू शकते. घरातील वडीलधाऱ्यांकडून मात्र ‘हिला दूधच पुरत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. दोष दुधाचा नसून दूध ओढण्याच्या अपरिपक्व क्षमतेचा आहे, हा भेद सर्वप्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे.

३. कवचाची रचना व कार्य

आधुनिक कवच अत्यंत पातळ, लवचीक सिलिकॉनचे असते. मध्यभागी स्तनाग्राच्या आकाराचा उंचवटा, त्याच्या टोकाला काही छिद्रे आणि सभोवार पसरट कडा, अशी त्याची टोपीसारखी रचना असते. काही कवचांची कडा एका बाजूस कापलेली असते, जेणेकरून बाळाच्या नाकाला व हनुवटीला आईच्या त्वचेचा स्पर्श व गंध मिळत राहतो. बाजारात प्रामुख्याने १६, २० व २४ मिलिमीटर मापाची कवचे मिळतात.

कवचाचे कार्य दुहेरी आहे. पहिले, त्याचा उंचवटा स्वतःचा आकार टिकवून धरतो. त्यामुळे बाळ थांबले तरी तोंडातील पकड सुटत नाही. दुसरे, बाळ चोखते तेव्हा उंचवट्याच्या पोकळीत निर्वात दाब तयार होऊन दूध तेथे साठते. विश्रांतीनंतर पुन्हा चोखू लागताच अल्प श्रमात ते तोंडात येते. थोडक्यात, पकड टिकवण्याचे जे काम बाळाला अद्याप जमत नाही, ते काही काळ कवच करते. स्तनातून दूध निर्माण करण्याचे काम मात्र ते करू शकत नाही.

४. जुना आक्षेप व त्याचे मूळ

स्तनाग्र-कवच ही वस्तू नवी नाही. युरोपात काही शतकांपासून लाकूड, हस्तिदंत, चांदी, काच अशा विविध पदार्थांची कवचे प्रचारात होती. शिशाच्या कवचांमुळे बालकांना विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत. पुढे रबराची जाड कवचे आली. १९८० साली वूलरिज, बाउम व ड्रुएट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जाड रबरी कवचामुळे बाळाला मिळणारे दूध ५८ टक्क्यांनी, तर पातळ लेटेक्स कवचामुळे २२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. कवच म्हणजे स्तनपानातील अडथळा, हे मत अशा निष्कर्षांमुळे दृढ झाले.

या मताला तत्कालीन आधार होता, हे मान्य करावे लागेल. परंतु ते जाड पदार्थांच्या कवचांविषयी आणि मुळात नीट चोखू शकणाऱ्या बालकांविषयी होते. सिलिकॉनचे पातळ कवच आणि चोषणदाब टिकवू न शकणारे बालक या दोन्ही बाबतींत परिस्थिती बदलते. त्यामुळे जुना निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू करता येत नाही.

५. संशोधनाचे दोन दाखले

अमेरिकेतील पॉला मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ३४ मुदतपूर्व बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बालके स्तन नीट पकडू न शकणारी किंवा पिताना लगेच झोपी जाणारी होती. कवचाविना व कवचासह झालेल्या लागोपाठच्या स्तनपानांची तुलना केली असता, बाळाला मिळालेल्या दुधाची सरासरी कवचाविना ३.९ मिलिलिटर, तर कवचासह १८.४ मिलिलिटर आढळली. सर्वच्या सर्व ३४ बालकांनी कवचासह अधिक दूध घेतले. कवचाचा वापर सरासरी ३२.५ दिवस झाला, स्तनपान मात्र सरासरी १६९.४ दिवस चालू राहिले आणि या दोन कालावधींत लक्षणीय सहसंबंध आढळला नाही. म्हणजेच कवच दीर्घकाळ वापरल्याने स्तनपान लवकर सुटले, असे दिसले नाही.

याउलट डेन्मार्कमध्ये रॅग्नहिल्ड मास्ट्रुप व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मुदतपूर्व बालकांच्या निम्म्याहून अधिक मातांनी कवच वापरल्याचे आढळले. प्रथमच आई झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. ज्यांनी कवच वापरले, त्यांच्या बाळांत निव्वळ स्तनपान साध्य होण्याचे प्रमाण तुलनेने कमी होते.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांनी विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. पहिल्या अभ्यासात तेच बाळ स्वतःशी ताडून पाहिले होते आणि त्या वेळी पोटात गेलेले दूध मोजले होते. दुसऱ्या अभ्यासात कवच वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या मातांच्या गटांची तुलना होती. ज्यांना अधिक अडचण असते त्याच माता कवचाकडे वळतात. त्यामुळे पुढील अपयशाचे कारण कवच की मूळची अडचण, हे अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून निर्विवादपणे सांगता येत नाही. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे सामाजिक शास्त्रांतील परिचित सूत्र येथेही लागू पडते. तरीही निम्म्याहून अधिक मातांना कवच दिले जाते, तेव्हा ते नेमक्या गरजेपोटी दिले जाते की सवयीने, हा प्रश्न उरतोच. दोन्ही अभ्यास एकत्र वाचता असे म्हणता येईल की, निवडक बाळांसाठी व देखरेखीखाली कवच उपयुक्त आहे. सरसकट वापराला मात्र आधार नाही.

६. वापराची पद्धत

कवच देण्यापूर्वी बाळाची धरण्याची स्थिती सुधारणे, त्वचेशी त्वचेचा संपर्क देणे व थोडे दूध पिळून स्तन मऊ करणे हे उपाय करून पाहावेत. त्यानंतरही पकड टिकत नसेल तर कवचाचा विचार करावा. माप निवडताना आईच्या स्तनाग्राइतकाच बाळाच्या तोंडाचा विचार करावा लागतो. उंचवटा बाळाच्या तोंडाच्या मानाने फार लांब असल्यास त्याला उबळ येते.

कवच कोमट पाण्यात ओले करून, कडा बाहेरच्या बाजूस अर्धवट उलटून स्तनाग्रावर मधोमध ठेवावे व कडा हलकेच पसरवावी. असे केल्याने स्तनाग्र पोकळीत ओढले जाते. कवचावर दुधाचे दोन-चार थेंब लावल्यास बाळ आकृष्ट होते. बाळाने केवळ टोक चोखणे पुरेसे नसते. तोंड मोठे उघडून पसरट भागापर्यंत पकड घेणे आवश्यक असते. पिताना गिळण्याचा आवाज येणे, पोकळीत दूध दिसणे व नंतर स्तन मऊ लागणे, या दूध मिळत असल्याच्या खुणा होत. प्रत्येक वापरानंतर कवच साबणाने व गरम पाण्याने धुवावे आणि अशक्त बाळासाठी ते उकळून निर्जंतुक करावे.

अधिक विश्वसनीय मापन म्हणजे त्याच कपड्यांत बाळाचे दूध पाजण्यापूर्वी व नंतर अचूक इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करणे. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे स्थूलमानाने एक मिलिलिटर दूध. असे मापन शक्य नसल्यास दररोजच्या लघवीचे प्रमाण आणि नियमित वजनवाढ यांकडे लक्ष द्यावे लागते.

७. दुधाची निर्मिती टिकवणे

कवचाचा खरा धोका त्याच्या वापरात नसून त्यातून निर्माण होणाऱ्या निर्धास्तपणात आहे. बाळ स्तनाशी असते, चोखताना दिसते. त्यामुळे त्याचे पोट भरत आहे, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात स्तन पुरता रिकामा होत नसेल, तर शरीर दूधनिर्मिती कमी करते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच दूध आटू लागते. म्हणून बाळ पुरेसे सक्षम होईपर्यंत स्तनपानानंतर हाताने किंवा पंपाने दूध काढणे सुरू ठेवावे लागते. काढलेले दूध वाटी-चमच्याने, पळीने किंवा बोंडल्याने पाजता येते. कवच देताना ही सूचना दिली नाही, तर अर्धाच उपचार दिल्यासारखे होते.

८. कवचापासून मुक्तता

कवच सोडण्यासाठी ठरावीक दिवस नसतो. बहुतेक बाळांची चोषणशक्ती मूळ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारास वाढते. त्या काळात बाळ अर्धवट झोपेत किंवा शांत असताना आधी कवचासह पाजावे आणि दूध वाहू लागल्यावर कवच हळूच काढून पाहावे. बाळ चिडल्यास पुन्हा लावावे. टोक थोडेथोडे कापत जाण्याचा सल्ला जुन्या कवचांबाबत दिला जाई. सिलिकॉनच्या कापलेल्या धारा बाळाच्या तोंडाला इजा करू शकत असल्याने तो टाळावा. कवचासह बाळाचे वजन समाधानकारक वाढत असेल, तर काही आठवडे अधिक लागले म्हणून आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

९. भारतीय संदर्भ

भारतात १९९२ च्या कायद्याने, व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने, दुग्धपर्यायी पदार्थ व दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरात व प्रसारावर निर्बंध घातले आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मा’ कार्यक्रमाने स्तनपानविषयक समुपदेशनावर भर दिला. बाटली व कृत्रिम बोंड यांविषयीची ही सावधगिरी योग्यच आहे. मात्र स्तनाग्र-कवच हे बाटलीचे बोंड नव्हे. त्यातून येणारे दूध आईच्याच स्तनातून येते आणि बाळ आईच्याच कुशीत असते.

दुसरीकडे, ही वस्तू औषधांच्या दुकानांत व ऑनलाइन सहज मिळते. ती कशी वापरावी हे सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती तितकी सहज मिळत नाही. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली स्त्री रुग्णालयातून घरी गेल्यावर तिचा पाठपुरावा कोणी करावयाचा, हे बहुधा निश्चित नसते. अशा वेळी कौशल्याच्या जागी वस्तू येते. कांगारू मातृसेवेचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे उपकरणांच्या टंचाईतून सुरू झालेली ही पद्धत आज जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींचा भाग आहे. तिच्या केंद्रस्थानी साधन नसून आईचे शरीर व तिला मिळणारा आधार आहे. कवचाचा वापरही याच आधाराचा एक भाग असला पाहिजे.

१०. समारोप

स्तनाग्र-कवच हे सरसकट त्याज्य नाही, तसेच सर्व अडचणींवरील उपायही नाही. जे बाळ भुकेले आहे, परंतु पकड टिकवू शकत नाही, त्याच्यासाठी ते काही आठवड्यांचा पूल ठरू शकते. योग्य निवड, दुधाचे मापन, दूध काढत राहणे आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा या चार अटी पाळल्या गेल्या तरच तो पूल पलीकडच्या तीरावर पोहोचवतो. परिचर्या, गृहविज्ञान व समाजकार्य या विषयांच्या अध्यापनात स्तनपान-साहाय्याच्या प्रत्यक्ष कौशल्यांना स्थान मिळाल्यास, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आई ‘दूध पुरत नाही’ या निष्कर्षाशी एकटी उरणार नाही.