कातळावरचे करार

जागतिकीकरणाचा आढावा म्हटलं की आपल्याकडे १९९१ चा अर्थसंकल्प, मॉल, मोबाइल आणि परदेशी स्थायिक झालेली मुलं इथूनच सुरुवात होते. या लेखात मी मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांकडे पाहणार आहे, गुहागर आणि राजापूर. गेल्या तीसेक वर्षांत अमेरिका, फ्रान्स, सौदी अरेबिया आणि अबू धाबीच्या कंपन्यांशी झालेले करार या तालुक्यांच्या जमिनीवर उतरले आणि दर वेळी संघर्ष पेटला. त्याला आपण ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ असं नाव देऊन मोकळे होतो. गावात भांडण पाण्याचं, सड्याचं (म्हणजे कातळाच्या पठाराचं) आणि मासळीचं असतं. मुंबईला पोचेपर्यंत ते अस्मितेचं झालेलं असतं, कारण आपलं राजकारण तेवढंच कान देऊन ऐकतं. आणि अस्मितेच्या जोरावर मिळवलेलं टिकत नाही, हे कोकणाने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

सुरुवात एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गुहागर तालुक्यातल्या वीजप्रकल्पापासून करावी लागते. राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांचा सामंजस्य करार जून १९९२ चा, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ चा. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेने त्याआधीच कर्जाला नकार दिला होता. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, इंधनाची दरवाढ मंडळाच्या माथी, आणि वीज घेतली न घेतली तरी ठरावीक रक्कम भरायचीच. अंजनवेल-वेलदूरच्या लोकांचे प्रश्न वेगळे होते. प्रकल्पाला गोडं पाणी कुठून येणार? समुद्रात गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय? १९९५ च्या निवडणुकीत प्रचार झाला तो परकीय लुटीविरुद्ध. युती सत्तेवर आली, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि काही महिन्यांत बदललेल्या अटींवर पुन्हा जुळला. स्वाभिमानाचा प्रश्न दर खाली आणून मिटवता आला, मासळीचा प्रश्न होता तिथेच राहिला. जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले आणि त्यांनी बायकांना घराबाहेर ओढून मारहाण केली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या १९९९ च्या अहवालात हे सविस्तर नोंदलेलं आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वीजनिर्मिती सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली आणि त्या डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली.

राजापूर तालुक्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा करार डिसेंबर २०१० मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा झाला. माडबनच्या परिसरात सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. तीन महिन्यांनी फुकुशिमा घडलं. १८ एप्रिल २०११ ला नाटे इथे पोलीस गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. या आंदोलनात माडबनचे हिंदू शेतकरी-बागायतदार आणि साखरी नाट्याचे मुस्लिम मच्छीमार एकत्र होते. एकाला जमिनीची काळजी, दुसऱ्याला समुद्राची. दोघांच्या चुलीची चिंता मात्र एकच. ही एकजूट मला फार मोलाची वाटते. पण पुढे वाटाघाटी अडकल्या त्या भलत्याच मुद्द्यांवर. विजेचा दर काय, आणि अपघात झाला तर अणुभट्टी पुरवणाऱ्याची जबाबदारी किती? अपघाताची भीती नाट्याची आणि तिचा हिशेब पॅरिस-दिल्लीत, असा हा प्रकार.

राजापूर तालुक्यातल्याच नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पापाशी, म्हणजे रिफायनरीपाशी, थोडं थांबायला हवं. सरकारी तेल कंपन्यांनी २०१७ मध्ये संयुक्त कंपनी स्थापली, २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबू धाबीची अॅडनॉक भागीदारीला आल्या. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, खर्चाचा अंदाज ३ लाख कोटी रुपये, नाणार परिसरात सुमारे १५ हजार एकर जागा. ही जमीन ओसाड आहे, असं समर्थक सांगत राहिले. सातबारा पाहिला तर कातळाची जमीन पोटखराब्यात दिसते, त्यामुळे कागदापुरतं ते खरंही वाटतं. पण मृगाच्या पहिल्या सरींनंतर सड्यावर जाऊन पाहावं. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचतं, चार बोटं मातीत दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही वनस्पती कोकणाबाहेर सापडत नाही. पुढे गवत वाढलं की गुरं तिथेच चरतात. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत आणि झऱ्यात उतरतं. याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर तर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कातळात कोरलेला आहे. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत बारसू आहे. म्हणजे एका जागतिक संस्थेच्या यादीत ज्या जागेची मानवजातीचा संभाव्य वारसा म्हणून नोंद आहे, तिचाच परिसर जागतिक भांडवलाच्या नकाशावर रिकामा असतो.

नाणारची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली ती लोकसभेच्या तोंडावर, युतीच्या बोलणीत. पाणी, सडा, मासळी यांवर कुठल्याही यंत्रणेने निर्णय दिला नव्हता. म्हणूनच जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांना त्याच तालुक्यातलं बारसू सुचवणारं पत्र पंतप्रधानांना लिहिता आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिफायनरीवर टीकात्मक लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं, आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. एप्रिलमध्ये बारसूला मातीपरीक्षण सुरू झालं, बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, लाठ्या आणि अश्रुधूर चालले.

गावातल्या गावात पडणारी फूट या दडपशाहीहून चिवट असते. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. त्यातली निम्मी नालासोपारा, डोंबिवलीला. जो कूळ म्हणून पिढ्यानपिढ्या कसतो, त्याचं नाव उताऱ्यावर असेलच असं नाही. ज्याचं आहे तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. भाव आला की चाकरमान्याला जमीन विकावीशी वाटते, कसणाऱ्याला वाटत नाही, आणि भावकीत बोलणं बंद होतं. त्यात बाहेरच्यांनी जमिनी घेतल्याच्या बातम्या आल्या की ‘कोकणी विरुद्ध परप्रांतीय’ ही घोषणा तयारच असते. तिच्या आवाजात कुळाचा प्रश्न बुडून जातो.

गोव्याने अशा फुटीचं आणखी एक रूप पाहिलं. चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली तशी गोव्याची लोहखनिज निर्यात वर्षाला ५ कोटी टनांवर गेली. डिचोली, सत्तरी, सांगे इथे शेतात खनिजाचा गाळ आला आणि त्याच गावांत कर्ज काढून घेतलेले ट्रकही आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा शेतकरी आणि ट्रकवाला समोरासमोर उभे राहिले. बहुतेक दोघांचंही नुकसान झालं होतं, आणि मागणी-पुरवठ्याचं गणित ज्यांनी मांडलं ते तिथे नव्हतेच.

कोकणाला जग नको आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते धादांत खोटं आहे. हापूसची कलमं आणि काजू दोन्ही पोर्तुगीज काळाची देणगी. राजापूर-रत्नागिरीच्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. मे २०१४ मध्ये फळमाशीचं कारण देऊन युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ मध्ये उठली, त्याचा ताण बागायतदारांनी सोसला. जगाशी व्यवहार इथल्या माणसाला कळतो. व्यवहारात आपल्याला विचारलं जावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

तशी तरतूद या देशात अशक्य नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात वेदांताच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभांकडे सोपवला. डोंगरिया कोंधांच्या परिसरातल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि ती थांबली. राजापूर तालुक्यातल्या काही ग्रामसभांनीही रिफायनरीविरुद्ध ठराव केले. पण हा भाग अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली येत नाही, आणि नाणारची जमीन अधिसूचित झाली ती १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली, ज्यात ग्रामसभेची संमती लागत नाही. या कायद्यात संमतीचं कलम घाला, अशी मागणी आता आंदोलनाने सगळ्यांत वर ठेवायला हवी. मुंबईतल्या कोकणी मंडळांनी आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाने तिच्यावर आधी बोलावं.