पदवीआधीचा प्रबंध, विषय धर्म

१९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प’ खटल्यात सरकारी शाळांत अधिकृत आदेशाने होणारे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. धर्माच्या तटस्थ अभ्यासाला मात्र हरकत नाही, हेही त्याच निकालात होते. पुढे सरकारी विद्यापीठांतही धर्म-अध्ययनाचे विभाग वाढले.

अमेरिकेतला पदवीचा ऑनर्स प्रबंध म्हणजे बहुधा शेवटच्या वर्षभराचे काम: एक मार्गदर्शक, एक नेमका प्रश्न, मूळ साधने आणि बऱ्याच ठिकाणी तोंडी परीक्षा. रीड कॉलेजात तो सगळ्यांनाच सक्तीचा. स्वॉर्थमोर कॉलेजच्या, १९२२मध्ये सुरू झालेल्या ऑनर्स कार्यक्रमाला परीक्षक बाहेरून येतात.

‘हिंदू धर्म’ हा काही प्रबंधाचा विषय नव्हे. एका देवळातला एक उत्सव मात्र विषय म्हणून चालतो. भाविकांच्या मुलाखती घ्यायच्या तर साधारणपणे आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज करावा लागतो. आणि खरा अडसर भाषेचा. महानुभाव पंथ अभ्यासायचा तर जुनी मराठी हवीच; अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ती आत्मसात केली, पण एका वर्षात ते कुणाला जमणार?

भारतातही असा प्रबंध शक्य आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो.