छोट्या देखाव्यात काळ्या रानाचा चिखल

हिमायतनगरच्या काळ्या रानात पावसाळ्यात बूट घालून चाललेल्या माणसाला चिखल कसा चिकटतो, हे सांगावं लागत नाही. पण तीच माती तशीच पाण्यात कालवून देखाव्याच्या पाटीवर थापली, तर वाळताना ती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकुंचन पावतं. भेगाळलेलं उन्हाळी रान दाखवायचं असेल तर हा गुण कामाचाच. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपचा ‘अॅग्रेलन अर्थ’ हा रंग मुद्दाम तशाच भेगा पडाव्यात म्हणून विकला जातो.

ओल्या चिखलासाठी मात्र माती कढईत कोरडी भाजून तलम कापडातून चाळावी. टेबलावरच्या खेळातली 28 मिमीची बाहुली साधारण 1:60 प्रमाणात असते, म्हणजे 1 मिमीचा खडा तिथे 6 सेंमीचं ढेकूळ होतो! चाळलेल्या मातीत फेविकॉल, थोडं पाणी आणि बारीक लाकडी भुसा घालून पातळ थर द्यावेत. थर अर्धवट ओला असतानाच गाडीची चाकोरी आणि बैलांचे खूर उमटवावेत. वाळल्यावर माती फिकी पडते, म्हणून खोलगट भागाला गडद तपकिरी रंग आणि फक्त तिथेच चकचकीत वॉर्निश लावावं. सगळीकडे वॉर्निश लावल्यास चिखल प्लास्टिकसारखा दिसतो.