मातीच्या टँकचं पाणी

दुकानातून काचेचा टँक घरी येतो तेव्हा दुकानदाराचा एक नियम त्याच्यासोबत फुकट येतो: दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. तळाला नुसती रंगीत खडी, दोन प्लॅस्टिकची झाडं आणि दाटीवाटीने मासे असतील, तर तो नियम बरोबरच आहे. खाली माती घालून खरी झाडं लावलेल्या टँकला मात्र तो बसत नाही. पहिल्या महिन्यात तो कमी पडतो आणि नंतर वर्षभर जास्त होतो.

माझी सगळी नोकरी माती परीक्षणात गेली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडून, आजरा-राधानगरी-शाहूवाडीतून, भाताची तांबडी माती यायची आणि पूर्वेच्या शिरोळकडून उसाची काळी. चिठ्ठी न वाचता, पिशवीत डोकावूनच नमुना कुठल्या अंगाचा ते कळायचं. निवृत्तीनंतर टँक केला तो माशांच्या हौसेने कमी आणि पाण्याखालची माती काचेतून आडवी दिसते म्हणून जास्त. शेतात ती कुठे दिसते? आणि पाहता पाहता लक्षात आलं की टँकला ही दोन्ही शेतं लागू पडतात. सुरुवातीला तो भाताच्या खाचरासारखा वागतो, पुढे शिरोळच्या उसासारखा. पाणी बदलायची मुख्य कारणंही दोनच, आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी.

ही पद्धत लोकांपुढे नीट मांडली ती अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टड यांनी, १९९९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात. तळाला इंचभर साधी माती, वर इंचभर बारीक खडी, पहिल्याच दिवशी भरपूर झाडं, मासे मोजके. झाडंच पाणी साफ करतात, त्यामुळे सहा-सहा महिने पाणी बदललं नाही तरी चालतं, असं या बाईंचं म्हणणं. हौशी मंडळींनी त्यातले सहा महिने तेवढे उचलले आणि सुरुवातीची काळजी गाळून टाकली. दुसरं घराणं जपानच्या ताकाशी अमानो यांचं. हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार, मग टँकमधल्या बागांचा उस्ताद. त्यांच्या घराण्यात झगझगीत दिवे, वरून सोडलेला कार्बन डायऑक्साइड, खतं आणि त्या सगळ्याचा हिशोब सांभाळायला दर आठवड्याला पाणी बदलणं. दोन्ही घराणी आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाचं साहित्य घेऊन दुसऱ्याचं वेळापत्रक लावलं की घोळ होतो. मी पहिल्या घराण्याचा, त्यामुळे पुढचं सगळं साध्या मातीबद्दल.

आता खाचराकडे. पाणी कोंडून चिखलणी केली की एक-दोन दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. मग मातीतले जिवाणू आपली गरज दुसरीकडून भागवतात: आधी नायट्रेटवर, मग मँगनीजवर, मग लोहावर आणि त्यानंतर सल्फेटवर. श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ एफ. एन. पोन्नमपेरुमा यांनी फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत राहून या विषयाचा पाया घातला. बुडालेल्या मातीच्या रसायनावरचा त्यांचा १९७२ चा दीर्घ लेख आजही या विषयात पहिला वाचावा असा आहे. त्यातली एक गोष्ट टँकवाल्याने पाठच करावी. माती आम्ल असेल तर बुडाल्यावर तिचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो; चुनखडीची असेल तर खाली येतो; आणि काही आठवड्यांत दोन्ही साताच्या आसपास येऊन थांबतात. विरघळलेलं लोह आधी भराभर वाढतं, मग उतरतं. तांबड्या मातीत लोहाने आवळून धरलेला स्फुरद याच काळात सुटतो. म्हणजे नव्या मातीला पाण्याखाली बसायला काही आठवडे लागतातच. ते आपल्या घाईने कमी होत नाहीत.

या आठवड्यांत खरा धोका अमोनियाचा. मातीतला काडीकचरा कुजताना नत्र अमोनियापर्यंत येतं आणि ऑक्सिजन नसल्यामुळे तिथेच अडतं. भाताला ते हवंच असतं, पाणझाडांनाही नायट्रेटपेक्षा तेच आवडतं. पण नुकती लावलेली झाडं अजून मुळं धरत असतात आणि माती देते तितकं त्यांना खपत नाही. उरलेलं वर पाण्यात येतं. ते किती विषारी हे सामू आणि तापमान ठरवतात. पाणी २५ अंशांवर आणि सामू ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच हिस्सा पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसातच्या घरात. चढ्या सामूचं बोअरचं पाणी आणि एप्रिल महिना एकत्र आले तर काय होईल हे यावरून समजावं.

म्हणून पहिला महिना मासे नकोत. अमोनिया तपासायची थेंबांची बाटली अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळते. ती घ्यावी आणि एक दिवसाआड पाणी तपासावं. मासे नसताना एक लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया मी झाडांसाठी राहू देतो. त्यावर गेला की अर्धं पाणी बदलतो, कारण जास्त झालेलं शेवाळाच्या तोंडी जातं. अर्धं बदललं की निम्मा अमोनिया जातो, पुन्हा अर्धं बदललं की एकूण पाऊण. दहा टक्के रोज बदलत बसण्याने हात ओले होतात, फरक पडत नाही. बाटलीतला रंग आठवडाभर पाणी न बदलता शून्यावर राहिला, की खाचर बसलं म्हणायचं. मग मासे सोडावेत, तेही थोडे. आमच्याकडे गप्पी आहेत. आरोग्य खातं डासांसाठी गटारीत सोडतं तेच, फक्त शेपटीने नटलेले. मासे सोडल्यावर मात्र अमोनिया जरा जरी दिसला तरी त्याच दिवशी पाणी बदलायचं.

या काळात पाणी चहाच्या रंगाचं झालं तर घाबरू नये. तो पालापाचोळ्याचा रंग आहे, माशांना त्याचं काही नाही. पांढुरकं झालं तर ते जिवाणू, आपोआप बसतात. या दोन्हींसाठी पाणी बदलणं म्हणजे डोळ्यांचं समाधान.

मातीची निवड चुकली तर कितीही पाणी बदला, हा महिना संपत नाही. ताजं शेणखत घातलेली, युरिया पडलेली शेतातली माती नको. आम्ही प्रयोगशाळेत मातीवर सौम्य आम्ल टाकून बघायचो, घरी व्हिनेगर चालतं: फसफसली तर चुनखडी आहे आणि पाणी जड होणार. काळी माती मला टँकमध्ये आवडत नाही. अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण ती इतकी बारीक की एक झाड उपटलं तरी दोन दिवस टँकचा गढूळ ओढा होतो. बांधावरची तांबडी, चाळून, दोन-तीनदा भिजवून वाळवलेली, ही माझी पसंती.

महिन्यानंतर हात आवरायचा. झाडं वाढतात, माशांना टाकलेलं अन्नच त्यांचं खत होतं, मुळं मातीत थोडा ऑक्सिजन सोडतात. या काळात सवयीने दर रविवारी पाणी बदलणारा माणूस झाडांच्या ताटातलं काढून नळाचं पाणी वाढत असतो.

मग शिरोळ सुरू होतं. तिथे काय झालं हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं, पाणी उडून गेलं, निचरा झाला नाही, क्षार मागे राहिले; सोन्यासारख्या जमिनी क्षारपड झाल्या. काचेच्या टँकला तर निचरा नावालाही नाही. पाणी वाफ होऊन जातं, आपण वरून भर घालतो, आणि त्या भरीतला क्षार न् क्षार आत राहतो.

हिशोब सोपा आहे. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकमध्ये माती-खडी वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी राहतं. उन्हाळ्यात आठवड्याला तीन लिटर उडतं असं धरू. भर घालायचं पाणी धरणाचं, टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, १०० मिलिग्रॅम असेल, तर आठवड्याला लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम क्षार वाढतात. शंभरने वाढायला पंधरा आठवडे. तेच पाणी ६०० टीडीएसचं बोअरचं असेल, तर आठवड्याला चाळीस, आणि तेवढ्याच पंधरा आठवड्यांत सहाशे. वॉल्स्टडबाईंचे सहा महिने सोसायटीच्या बोअरला का लागू होत नाहीत, ते या दोन आकड्यांत आहे.

म्हणून टीडीएसचा खिशातला मीटर घ्या. खाचर बसलं त्या दिवशी टँकचा आकडा लिहून ठेवा. तो दीडपट झाला की तिसरा हिस्सा बदला, पुन्हा मोजा. हा दीडपटीचा नियम माझा आहे, पुस्तकातला नाही. गप्पी याहून बरंच सोसतात, नाजूक झाडं सोसत नाहीत. भर घालायला पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरलं तर आकडा महिनोन् महिने हलत नाही. एक मात्र करू नका. आरओ यंत्राच्या बारीक नळीतून वाया जाणारं पाणी बघवत नाही म्हणून लोक तेच टँकमध्ये ओततात. काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्याने फरशी पुसा.

मीटर काही सांगत नसला तरी पाणी बदलायचे काही प्रसंग आहेत. मोठं झाड मुळासकट उपटलं आणि माती वर आली, तर त्याच तासात अर्धं. मासा मरून खडीमागे राहिला, औषध घातलं, लहान मुलाने खाण्याचा अख्खा डबा उपडा केला, तरी तेच. तळातून बुडबुडे येऊन सडक्या अंड्याचा वास आला तर आधी थोडं पाणी बदलावं, मग विणायच्या सुईने माती हळूहळू टोचावी, सगळी एकदम नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर ऑक्सिजन कमी आहे; रात्री झाडंही तोच वापरतात. नवं पाणी तेवढ्यापुरतं मदत करतं, पण खरा उपाय हवेचा पंप.

बदलताना नळाचं पाणी बादलीत चोवीस तास ठेवावं, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन मारायचे हायपोचे थेंब. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा थेंब घालावेतच. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, म्हणून काम सकाळी करावं. सायफनची नळी खडीत खुपसू नये, खाली माती आहे. पाणी भरताना खडीवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडावी. काढलेलं पाणी मोरीत घालवू नका, कुंड्यांना द्या.

क्रिप्टोकोरीन लावलं असेल तर एक इशारा. या झाडाच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांतल्याच, पण स्वभाव तापट. पाण्याचा मोठा वाटा एकदम बदलला की दोन दिवसांत सगळी पानं विरघळल्यासारखी गळतात. झाड मेलं समजून लोक ते उपटतात, माती वर येते, आणि पुन्हा अर्धं पाणी बदलावं लागतं. गळलेली पानं तेवढी काढून घ्या, कंद जागेवर राहू द्या. काही आठवड्यांत नवा कोंब येतो. तोवर पाण्याला हात लावू नका.